मारणाऱ्याचं काम

माय,

तुझ्या अर्पीचा पुण्याहून नमस्कार. मी मजेत हाये, जेवण बराबर करते.

नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायांसाठी आम्ही मदतीचं अ‍ॅप बनवून राह्यलो. मी मानसशास्त्र अन् नाटक शिकलेली. म्हणलं, आधी मारझोडीचं नाटक करून बघू. मारणाऱ्याचं काम कुणालाच जमंना. मंग मीच केलं. मैत्रिणीच्या झिंज्या धरून तिला भिंतीशी रेटलं. माझ्या तोंडून बापाच्याच शिव्या निघाल्या! भेवानं तिला फोनवरचं मदतीचं बटणच सापडंना. आता फोनवर कुठंबी हात पडला तरी मदतीला कॉल जातो.

तुझा सुजलेला कान ठणकायचा थांबला का?

पत्र साळूमावशीच्या पत्त्यावर धाडलंय. वाचून चुलीत घाल. अ‍ॅप तुझ्या फोनात टाकायचं होतं, पण फोन अजून त्याच्याच खिशात असतो ना?

तुझीच,
अर्पी