त्या झाडांत अळी नव्हती

बाबा,

मागच्या पत्रात माझी एक चूक झाली. शेजारच्या बाईंच्या खजुराच्या झाडांना कान लावला तेव्हा मला आत अळी कुरतडताना ऐकू आली, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. मला काहीच ऐकू आलं नव्हतं आणि मी तुम्हाला तिथल्या तिथे तसं सांगितलंही होतं. आपल्या घरी हा किस्सा पाहुण्यांसमोर इतक्यांदा सांगितला गेला, की लिहिताना माझ्याही हातून तुमचाच किस्सा उतरला.

ओमानच्या वाळवंटात कंपनीची ती खजुराची बाग तुम्ही सांभाळायचात. जवळपास शाळा नव्हती. सकाळी स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटता लाटता माझ्याकडून मराठी वाचून घ्यायची, आणि ऊन चढायच्या आत तुम्ही मला बागेत न्यायचात. नर झाडाच्या तुऱ्यातली पूड मादीच्या तुऱ्यात हाताने सोडावी लागते, घड विरळ केला नाही तर फळ बारीक राहतं, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. मग तुम्ही मला ऐकायला शिकवलंत. सोंड्या भुंग्याची अळी खोड आतून पोखरते, बाहेरून झाड हिरवंगार दिसतं. खोडाला कान लाव, श्वास रोख, खात्री असेल तरच हो म्हण. माझ्या एका 'हो'ने झाड तोडून जाळलं जाणार, या धास्तीने मी एकेका झाडाकडे पुन्हा पुन्हा जायची. कामगार म्हणायचे, "आल्या डॉक्टरीणबाई, आता पेशंटचं काही खरं नाही."

बाग आणि पॅकिंगची शेड यांच्या मधोमध त्या बाईंचा जमिनीचा तुकडा होता. कंपनीला तिथून सरळ रस्ता हवा होता आणि त्या विकायला तयार नव्हत्या. एक दिवस तुम्ही सरकारी तपासनीस घेऊन त्यांच्या झाडांपाशी जाता. बाई उभ्या आहेत, त्यांची माझ्याच वयाची मुलगी त्यांच्या मागे. मी एकेक खोड ऐकते आणि मराठीत सांगते, "बाबा, काही नाही. सगळी झाडं बरी आहेत." तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवता आणि बाईंना व तपासनिसाला अरबीत सांगता की हो, मुलीला ऐकू येतंय, सगळ्या झाडांत. त्या मुलीशी खेळून मला तेवढं अरबी कळत होतं. मी तुमची बाही ओढते. तुम्ही हसतच म्हणता, "मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही."

झाडं पाडली तेव्हा खोडाच्या आतला गर स्वच्छ, पांढरा होता. एक भोक नव्हतं. झाडं गेल्यावर बाईंनी जमीन विकली आणि कंपनीचा रस्ता झाला. नंतर तुम्ही मस्कतहून माझ्यासाठी खराखुरा स्टेथोस्कोप आणलात, आणि त्याबद्दल मी तुम्हाला थँक्यू म्हणावं म्हणून आई मला पुढे ढकलत होती.

आता मी इंग्लंडमध्ये, स्लाऊला एका छोट्या फर्ममध्ये काम करते. झाडाच्या खोडात बसवायचे सेन्सर आम्ही बनवतो. हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकायचं, आत अळी आहे की नाही ते ठरवायचं. पहिल्या आठवड्यात माझं एकही उत्तर चुकलं नाही, तेव्हा शेजारच्या डेस्कवरचा मुलगा म्हणाला, तू काय झाडावर वाढलीस का? मी हसले. मग एक निरोगी खोड लावलं आणि मला हसता येईना. तीच शांतता होती. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत होते की तेव्हा मी लहान होते, मला कळलं नसेल. मला बरोबर कळलं होतं. बाबा, मला तुमचा इतका राग आलाय की तुमचा फोटो मी कपाटात उलटा ठेवलाय. खोटं तर कोणीही बोलतं. तुम्ही आधी मला खरं बोलायला शिकवलंत, सगळ्या बागेला ते माहीत होऊ दिलंत, आणि मग माझ्या तोंडी खोटं घातलंत, कारण ते माझ्या नावावर खपणार होतं.

बाईंच्या त्या मुलीशी माझं अजून व्हॉट्सॲपवर बोलणं होतं. तिच्या आईंनी त्या तपासणीच्या थोडेच दिवस आधी बहिणीच्या गावाहून खजुराची रोपं आणून लावली होती. कीड त्यातूनच आली, असं तुम्ही त्यांना सांगितलंत. त्या दिवसापासून त्यांनी बहिणीला उंबऱ्यात पाऊल ठेवू दिलेलं नाही. आता बाईंना दिसत नाही, बहीण आजारी आहे, आणि गेल्याच महिन्यात ती भेटायला आली तर तिला दारातूनच परत पाठवलं. मी लेस्टरला आईला फोन करून हे सांगितलं. आई म्हणाली, "अगं, गेलेल्या माणसाचं नाव आता कशाला खराब करतेस? त्यांना नोकरी टिकवायची होती." म्हणजे आईला माहीत होतं.

मला बाईंना सांगायचंय ते मी अरबीत पाठ केलंय, मध्ये दुसरं कोणी सांगणारं नको म्हणून: तुमच्या बहिणीच्या रोपांत काही नव्हतं, माझे वडील खोटं बोलले. तुम्ही असतात तर माझ्याने हे झालं नसतं. फोटो उलटा असूनही मी हे तुमच्याकडे पाठ फिरवून लिहितेय. ती मैत्रीण शनिवारी दुपारी तिच्या आईजवळ असते. येत्या शनिवारी मी फोन करणार आहे.