फोन न उचलणारे

३ जानेवारी
संकल्प: प्रबंध याच महिन्यात संपवणे. विषय : किनाऱ्यावरील तरुणांचे करिअर नियोजन आणि रोजगार. म्हसळ्याच्या कॉलेजात मी मार्गदर्शन केलेले बावन्न विद्यार्थी आज कुठे आहेत, एवढंच शोधायचं. रोज दहा फोन. पहाटे उठून.

५ जानेवारी, सकाळी ११
आत्ता उठलो. चिंतन करणाऱ्याला झोप जास्त लागते. दोन फोन.

९ जानेवारी
सव्वीस जण बोलले. जीवन ट्रक चालवतो. माझ्या करिअर टेस्टवरून मी त्याला बँक सुचवली होती. म्हणाला, "सर, ट्रकला तुमची टेस्ट लागत न्हाय." त्याला 'लॉजिस्टिक्स'मध्ये घातलं. उरलेले सव्वीस फोन उचलत नाहीत.

१० जानेवारी
आंघोळ करताना सुचलं. बेकार माणूस पहिल्या रिंगला फोन उचलतो. न उचलणारा कामात असतो. म्हणजे सगळे सव्वीस 'कामावर'. ग्रंथपाल कमलेश म्हणाला, या न्यायाने त्याची बायको कायम नोकरीत आहे. दुर्लक्ष केलं.

१४ जानेवारी
अरमान हे माझं ठळक उदाहरण. त्याला वडिलांची होडी चालवायची होती. माझ्या टेस्टमध्ये जहाजावरची नोकरी आली. घरी जाऊन सगळ्यांना पटवलं. रोज अकराला त्याला फोन करतो. रिंग पूर्ण वाजते. ड्युटीवर फोनला हात लावत नाही. शिस्त.

२० जानेवारी
माझ्या गाइड रचना मॅडमना या उदाहरणासाठी घरच्यांची संमतीपत्रावर सही हवी. आगरदांड्याला, अरमानच्या घरी, जायला हवं. दिवसभर निघत होतो.

२३ जानेवारी
गेलो. अरमानच्या आईने, जहुराबींनी, चहा दिला. अकरा वाजले, म्हणून सवयीने फोन लावला. आतल्या कपाटात वाजला.

अरमान नवा फोन घेऊन गेला होता. जुना घरीच. सव्वा वर्षापूर्वी तो जहाजावरून बेपत्ता झाला. कंपनीचं एक पत्र आलं, मग काही नाही. रोज अकराला हा वाजतो, म्हणून त्या चार्ज करून ठेवतात. उचलत नाहीत. उचलला तर पलीकडचा बातमी सांगेल.

फॉर्म पुढे केला. त्यांनी सावकाश वाचला.

"सर, तुमच्या कागदावर तो कामावर हाय. मंग कुठं हाय, ते सांगा."

चहा संपवला. सही राहिली.

२४ जानेवारी
डोकं दुखतंय. चहा कडक होता.

२५ जानेवारी, सकाळी ११
फोन कपाटात ठेवला. माझा.

२७ जानेवारी
अरमानला यादीतून वगळलं. टक्केवारीत फारसा फरक नाही. उरलेले पंचवीस मात्र नीट तपासायचे ठरवलं. पहिलं नाव यशरा. नंबर लावला. रिंग जाऊ लागली. कुठल्या घरात वाजतेय, कोण बसून ऐकतंय, कळेना. कट केला.

कामात असेल.