नऊ-सहाची रांग

४ ऑक्टोबर, गुरुवार

आज तवा मिळाला. कार्डावर पुरेसे पॉइंट साठले की कॅसिनो दर गुरुवारी काहीतरी देतो. गेल्या गुरुवारी झाकण दिलं, आज त्याखालचा तवा. उलट्या क्रमाने का, ते विचारू नये. शास्त्राला कारण विचारू नये असं आमचे गुरुजी म्हणत.

माझा नवरा वर्न खुशीत. डॉक्टरांकडे त्याला चालू महिना सांगता येत नाही. परवा म्हणाला, तुझ्या आईला फोन कर, बरेच दिवसांत बोलली नाहीस. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. पण कॅसिनोत शिरला की लिफ्ट दुरुस्त करायला निघाल्यासारखा — चाळीस वर्षं तेच केलं त्याने — सरळ मागच्या दाराजवळच्या, पोकर खेळायच्या यंत्रांच्या रांगेकडे. लगेच बसत नाही. कुठल्या डावाला किती पट पैसे ते सांगणाऱ्या काचेवरच्या तक्त्यावर बोट ठेवतो: फुल हाउसला नऊ, फ्लशला सहा. असेल तरच कार्ड आत. त्याच डावांना आठ आणि पाचच असेल तर न बसता पुढे. "पत्ते तेच, खुर्ची तीच, फक्त खिसा हळूच कापतात," हे त्याचं लग्नाआधीपासूनचं वाक्य. चकत्या फिरणाऱ्या यंत्रांवर पॉइंट दुप्पट मिळतात, हे मी नवी नवरी असताना उत्साहाने सांगितलं होतं. "का मिळतात, ते त्यांना विचार," म्हणाला. तेव्हापासून मी त्याच्या शेजारी नऊ-सहावर. पतिव्रता म्हणतात ती हीच.

संध्याकाळी शेरिलचा फोन. वर्नची पहिल्या बायकोपासूनची मुलगी, रीनोला असते.

"इथे बाबांसाठी जागा मिळतेय. विसरणाऱ्या माणसांसाठीच आहे ते. मोठी बाग आहे."

"त्याला बागेत शिंका येतात."

"वसुधा, किती दिवस एकटी ओढणार आहेस तू?"

म्हटलं, जोवर स्वतःचं यंत्र स्वतः निवडतो तोवर घरी. ज्या दिवशी आठ-पाचवर बसेल त्या दिवशी मीच तुला फोन करीन.

"हा काय निकष झाला?"

"तुझ्या बापाचा आहे. मलाही त्याने तक्ता वाचूनच निवडलं."

हसली नाही. पण कबूल झाली.

हो — आज माझं यंत्र बंद होतं, कागद चिकटवलेला. म्हणून त्याच्या दुसऱ्या बाजूच्या दुऱ्यांच्या यंत्रावर बसले. तिथे दुरी कुठल्याही पत्त्याचं सोंग घेते. "रंगीबेरंगी दिसलं की बसली," वर्न म्हणाला. तर चारही दुऱ्या आल्या! दिवे, घंटा. पेयं आणणारी जोलीन म्हणाली, "काय राजे, बाईंनी धुतलं की आज तुम्हाला." वर्नचं म्हणणं, मी मोठ्याने हसले. असेन. हल्ली माझ्या वतीने कुणीतरी हसतं, भांडी घासतं, औषधं मोजून देतं. मी तिथे असतेच असं नाही.

७ ऑक्टोबर, रविवार

बूट फ्रिजमध्ये, दूध बुटांच्या फडताळात. अदलाबदल तरी चोख.

११ ऑक्टोबर, गुरुवार

रांग तीच. खुर्च्या त्याच, गादीवरचं सिगरेटचं भोकही तेच. तक्ता बदललेला. सगळ्या रांगेत आठ आणि पाच. हे लोक पाटी लावत नाहीत, दवंडी पिटत नाहीत. आकडे बदलतात आणि वर वाढदिवसाचं कार्ड पाठवतात.

मी वाचलं आणि गप्प राहिले. सांगितलं तर परीक्षा कसली?

माझं जुनं यंत्र अजून बंदच. मी पुन्हा दुऱ्यांसमोर बसले होते. वर्नने तक्त्यावर बोट ठेवलं, वरून खाली नेलं. जरा थांबला. माझ्याकडे पाहिलं. मग गळ्यातल्या वेटोळ्या दोरीचं कार्ड आत सरकवलं आणि बसला.

संध्येचे मंत्र विसरलेला माणूस पळी-पंचपात्र मात्र बिनचूक हलवतो. तसं ते बोट.

खेळला मात्र चोख. दोन अठ्ठ्या आणि एक्का आला. एक्का टाकला. पलीकडचा पाहुणा कळवळला, "आजोबा, एक्का ठेवायचा ना!"

"ते झुंबर दिसतंय?" वर्न म्हणाला. "जोडीबरोबर एक्का ठेवणाऱ्यांनी घेऊन दिलंय."

जोलीन हसली. मी पण हसायला हवं होतं.

बिंगोच्या दालनापलीकडे, मोरीकडे जाणाऱ्या बोळात, नऊ-सहाची चार यंत्रं अजून आहेत. नुसती तीच, दुसरा कसलाच खेळ नाही. वर्न दोनदा त्यांच्या समोरून गेला आणि परत येऊन याच खुर्चीत बसला.

शेरिलला फोन केला नाही. एकदा घडतो तो प्रमाद, पुन्हा घडला तरच दोष. सोयीपुरतं शास्त्र मला अजून येतं.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

कपडे धुतले.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा तेच. बोट, तक्ता, खुर्ची. माझं यंत्र दुरुस्त झालंय, पण तेही आता आठ-पाच, म्हणून मी दुऱ्यांवरच. आता तिथली सवय झालीय असं दिसतं.

राहवलं नाही. विचारलं, "तक्ता वाचलास?"

"वाचला की."

"काय म्हणतो?"

"तक्ता काय म्हणणार? तू खेळ. दोन दुऱ्या हातात घेऊन बडबडतेस."

पार्किंगमधून शेरिलला फोन केला. म्हटलं, बसला. 

"मला वाटलं होतं तू जिंकशील," म्हणाली.

सोमवार, एकोणतीस तारीख ठरली.

बाई हुंदके वगैरे देतील म्हणून मी गाडीत जरा बसून राहिले. कुणी दिले नाहीत. मग आत जाऊन त्याला घेतलं, आजचं बक्षीस घेतलं. उलथनं. आता तव्याला सगळं झालं.

२१ ऑक्टोबर, रविवार

वर्नला अजून सांगितलेलं नाही. धिरडी केली. दोन खाऊन म्हणाला, "बाई, स्वयंपाक छान करता तुम्ही." थट्टा असावी. विचारलं नाही.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

शेरिल आली. बापाला मिठी मारली. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ही पोरगी फार काम करते, हिला जेवायला घाल." नाव घेतलं नाही. तिने काही दाखवलं नाही. बापाचाच पत्त्यांवरचा चेहरा.

शर्टांना इस्त्री करून बॅग भरली. कार्डही ठेवलं. शेरिल म्हणाली, "कार्ड कशाला? तिथे यंत्रं नाहीत."

"गळ्यात दोरी नसली की तो मान खाजवत बसतो."

जेवताना तिनेच विषय काढला. "बाबा, सोमवारी माझ्याकडे यायचंय."

"किती दिवस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मिठाची बाटली झटकत होते. बाटली रिकामी होती.

"आणि ही?" त्याने माझ्याकडे मान केली. "ही येतेय ना?"

"वसुधा येईल की भेटायला," शेरिल म्हणाली. 

२८ ऑक्टोबर, रविवार

कार्ड बॅगेतून काढून गळ्यात घातलं त्याच्या, शेवटचं म्हणून कॅसिनोत नेलं. तो त्याच रांगेकडे वळला, तेव्हा दंड धरला. म्हटलं, तिकडे बोळात नऊ-सहा आहेत, निदान आज तरी नीट यंत्रावर खेळ.

"माहीत आहेत," म्हणाला. "इथे आठ-पाच केलंय चोरांनी. पहिल्याच दिवशी पाहिलं मी."

"मग बसलास का?"

"तिकडे दुऱ्या नाहीत. मी उठलो असतो तर तूही मागोमाग उठली असतीस. किती वर्षांनी हसलीस गं तू."

महिना विचारला. नाही सांगता आला.

घरी येऊन बॅग उघडली. शेरिलला सगळं सांगितलं.  मी शर्ट काढत गेले, ती एकेक हँगर पुढे करत राहिली.