शेजारच्या खुर्चीला सांगितलेला सिनेमा

३ मार्च, रविवार संध्याकाळ

ती. वन्सं,

भावजयीचा नमस्कार. आधी खुशाली उरकते, म्हणजे मग मोकळेपणाने बोलता येईल. गुडघा बरा आहे. लाँड्रीत वाफेची नवी इस्त्री आली आहे, ती माझ्यापेक्षा जास्त कुरकुरते. मागच्या खोलीतली गळती थांबली. झाली खुशाली.

आता खरी बातमी. मागच्या रविवारी मी सिनेमाला गेले! कोपऱ्यावरच्या त्या जुन्या थिएटरात, जिथे रविवारी दुपारी हिंदी सिनेमा लावतात. तुमचा भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदाच. खिडकीपाशी नंबर आला आणि तोंडातून आपसूक निघालं, "दोन द्या." त्याने दोन तिकिटं दिली. त्याला काय समजावणार? घेतली आणि आत गेले.

वन्सं, काय सिनेमा होता म्हणून सांगू! हिरो लिफ्ट दुरुस्त करणारा, हिरॉइन डॉक्टर. लिफ्ट मध्येच बंद पडते. तो आत, ती आत, आणि सोबत एक म्हातारा, हातात कुंडी घेऊन. आधी कडकडून भांडण. मग दोघांची नजरानजर होते, सनई वाजते, लिफ्टचं दार उघडतं, आणि बाहेर बर्फाचे डोंगर! चौथ्या मजल्यावर! ती थंडीत पातळ साडी नेसून नाचतेय आणि म्हातारा कुंडी घेऊन मागे डोलतोय. डोंगर कुठून आले, असं अख्ख्या थिएटरात कुणी विचारलं नाही. म्हणून तर मला हिंदी सिनेमा आवडतो. आनंद झाला की माणसाला खोली पुरत नाही, एवढं त्यांना पक्कं कळतं.

पुढचं गाणं गच्चीवर होतं. दोऱ्यांवर वाळत घातलेल्या चादरी आणि त्यांच्याआडून पळापळ. एकाही चादरीला सुरकुती नव्हती. जन्मभर चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईला हे खपेल का? पण खपलं. टाळीसुद्धा वाजवली.

आणि मग फजिती झाली. मी शेजारच्या खुर्चीला सिनेमा सांगत होते.

तुम्हाला ठाऊक आहे आमची पद्धत. ह्यांची नजर गेल्यावर आम्ही सिनेमा सोडला नाही. मी कानाशी सांगायची, हे ऐकायचे. ह्यांचे नियम कडक. संवाद चालू असताना तोंड मिटून बसायचं, जे ऐकू येत नाही तेवढंच सांगायचं. व्हिलन आला तर 'व्हिलन आला' म्हणायचं नाही, त्याचे बूट सांगायचे. "मी ओळखीन की," म्हणायचे. रंग सांगायचा तर घरातला. "निळी म्हणजे कसली निळी?" मग मी म्हणायची, "आपल्या बादलीसारखी." म्हणजे जमलं. मी तर पाट्या आणि पोस्टरं वाचत वाचत वाचायला शिकलेली बाई. पुढे वाचनालयातली कपाटंच्या कपाटं वाचली, तेव्हा एक कळलं, की पुस्तकात 'ती सुंदर होती' असं लिहिलं की काहीच दिसत नाही. 'तिने चप्पल हातात घेतली' म्हटलं की दिसते. तेच मी ह्यांच्या कानात करायची.

तर चादरींच्या गाण्यात मी रंगात आले होते, तेवढ्यात पुढच्या रांगेतली बाई वळली. "अहो, कुणाशी बोलताय?" शेजारी खुर्ची रिकामी, तिच्यावर माझी पिशवी. मी म्हटलं, "पिशवीशी." ती बिचारी दोन खुर्च्या सरकून बसली.

मग मी ओठ घट्ट मिटले. आणि वन्सं, त्यानंतरचं मला काही आठवत नाही. डोळे उघडे, चष्मा पुसलेला, पडदा समोर, पण आत काही पोचेचना. मारामारी झाली म्हणे. कुणी मारलं नि कुणी मार खाल्ला, मला काही सांगता यायचं नाही.

म्हणून आज पुन्हा गेले, त्याच सिनेमाला, लाँड्रीतल्या जाडीला घेऊन. म्हटलं, हिला सांगू. लिफ्ट बंद पडली तशी मी सुरू केलं, "म्हाताऱ्याच्या हातात कुंडी आहे." ती म्हणाली, "मग? मला दिसतंय की! मी काय आंधळी आहे?" आणि मध्यंतरानंतर घोरायला लागली.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. सूनबाई, तू हे वन्संना मोठ्याने वाचून दाखवत असशील. थांबू नकोस.

वन्सं, मागे मी तुमच्याकडे आले तेव्हा खुंटीवरच्या कोटाला तुम्ही म्हणालात, "अगं, उभी का? बस ना." सगळे हसले. तुम्ही म्हणालात, गंमत केली. मला हसू आलं नाही. तुमच्या भावाने सुरुवातीला अशीच गंमत केली होती, आमच्या कपाटाशी. नंतरची तुमची पत्रं सूनबाईच्या अक्षरात आली. का, तर बोट कापलं. एवढ्या दिवसांत तुटलेलं हाडसुद्धा जुळतं हो! शेवटी तुमच्या मुलाला खोदून विचारलं. डॉक्टरांनी तुमच्या डोळ्यांबद्दल काय सांगितलं ते त्याने सांगितलं. त्याला रागावू नका, मी पिच्छाच पुरवला होता.

तो असंही म्हणाला, की आईला सिनेमाचा वीट आलाय, आता खोलीबाहेर येत नाही. तुम्हाला वीट? धाकट्या भावाला दप्तरासकट शाळेतून पळवून पहिला सिनेमा दाखवणाऱ्या तुम्ही!

माझ्याकडे या. राहायला या. मी उपकार करत नाहीये. मला दिसतं, पण कुणाला सांगितल्याशिवाय ते माझं होत नाही. हे ह्यांनाही कधी कळलं नव्हतं, मलाही आत्ताच कळलं.

तुमची,
पिशवीशी बोलणारी भावजय


१९ मार्च

ती. वन्सं,

नमस्कार, आणि पत्र फाडलं नाहीत म्हणून आणखी एक.

तुमचं उत्तर मिळालं. पहिलं पान म्हणजे नुसता जाळ! 'तू कोण मला सिनेमा दाखवणारी?' मान्य. 'तो कोट आहे हे मला माहीत होतं.' तेही मान्य. 'माझ्या मुलाची जीभ फार सैल झाली आहे.' वन्सं, ती तुमच्याकडूनच आली आहे. दुसऱ्या पानावर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवलीत आणि अगदी तळाशी एकच ओळ: 'त्या चादरी कुठल्या रंगाच्या होत्या?'

ती ओळ मी लाँड्रीत उभ्याने वाचली. गिऱ्हाइकाच्या शर्टाची बाही इस्त्रीखाली जळता जळता वाचली. जाडी विचारत होती, "हसतेस का रडतेस? एक काय ते कर!"

तर ऐका. पहिली चादर पिवळी, पिकलेल्या लिंबाची, कच्च्या नाही. दुसरी तुमच्या दाराच्या हिरव्या रंगाची, नवा दिला होता तेव्हाच्या. तिसरी पांढरी, आणि तिच्यामागे हिरॉइनची सावली, एक हात वर केलेली. हिरो चुकीच्याच चादरीमागे शोधतोय. पुढचं सांगणार नाही. सिनेमा अजून उतरलेला नाही, येत्या रविवारीही तोच आहे.

थिएटरच्या डोअरकीपरशी बोलून ठेवलंय. म्हटलं, "आम्ही दोघी म्हाताऱ्या, बोलत बसणार. चालेल?" तो म्हणाला, "शेवटच्या रांगेत बसा, मावशी. तिथली जोडपी कुठे सिनेमा बघायला येतात!" म्हणजे आपली जागा ठरली. कुणी 'श्श' करणार नाही, त्यांना सवडच नसते.

शनिवारी मुलाला गाडीत बसवून द्यायला सांगा, मी उतरवून घेईन. खिडकीजवळची खाट तुमची. घरात कुठे काय आहे ते पहिल्या दिवशी हात धरून दाखवीन, मग तुमचं तुम्ही. टेबल मी कधी हलवणार नाही. स्वयंपाकाला नावं रोज ठेवा.

एक मात्र आधीच सांगते. सांगता सांगता मी मध्येच गप्प झाले, तर पडद्यावर काही घडत नाहीये असं समजू नका. मला ह्यांची आठवण आली असेल. तुम्हालाही त्याच वेळी येईल कदाचित. थोडं थांबा. मी पुन्हा सुरू करीन.

सूनबाई, वन्संच्या पिशवीत दोन उबदार कपडे टाक, थिएटरात गार असतं. आणि वन्सं घरात ज्या काठीला हात लावत नाहीत म्हणे, ती त्यांच्यासमोरच गाडीत ठेव. लपवून नको. माझ्याकडे येताना काही लपवायचं नाही.

येताय ना?

तुमची वाट बघत,
रविवारची दोन तिकिटं मुद्दाम काढलेली,
तुमची भावजय