पडद्यावरचा हात

३ नोव्हें., रवि.
मनू पुण्याहून आली. तिचा जुना व्हिडिओ गेम आमच्या टीव्हीला जोडून दिला. बटणं फारशी नाहीत. रिमोट धरून हात हलवायचा, तसंच पडद्यावर होतं. निसटून टीव्हीत जाऊ नये म्हणून मनगटाला पट्टा.
मी हात वर केला. पडद्यावरच्या बाईने तिचा केला. मी थांबले, तीही थांबली. बापलेक हसले. मला बरं वाटलं नाही. इतक्या लक्षपूर्वक आजवर कुणी माझ्याकडे पाहिलेलं नाही.
प्र. टेनिस खेळले. "चोवीस वर्षं एस.टी.चं स्टेअरिंग धरलंय, हे काय लई न्हाई." हरले. मनू म्हणाली, "पप्पा, वळवून काय घ्यायलाव, मारा."

४, सोम.
खेळाडू निवडायला पडद्यावर एक पांढरा हात येतो. रिमोट जिकडे, तो तिकडे. प्र. खुर्चीत, रिमोटचा हात मांडीवर टेकवून; त्यांच्या वेळी तो थरथरत होता. बारीक, न थांबता. नावावर टेकेना. मनू म्हणाली, बिघडला. रिमोट टेबलावर ठेवला: स्थिर. तिने धरला, मी धरला: स्थिर. परत प्र.नी धरला.
"सेल बदला," म्हणाले. बदलले. तिघांनीही ते फार मन लावून केलं.

५, मंगळ.
मनू गेली. स्टँडवर म्हणाली, "पप्पांना दाखव कुठंतरी." हो म्हटलं.
प्र.चा चहाचा कप डाव्या हातात. उजवा मांडीखाली. कधीपासून? पोरांच्या निबंधातला अनुस्वार सुटला तर मला दिसतो. हे दिसलं नव्हतं.

८, शुक्र.
विचारलं.
"झोप झाली न्हाई की होतंय तसं."
आणि थोड्या वेळाने, "त्या खेळण्याचं ऐकून मला घरी बसवतीस का?"
लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. रोज. गाडी भरलेली.

१२, मंगळ.
नांदेडला पेपर तपासायला जायचं होतं. दुसऱ्या गाडीने जाता आलं असतं. यांच्याच गाडीत पुढे बसले. कंडक्टर गफूरभाई मोठ्याने म्हणाले, "उस्ताद, जरा सांभाळून. आज घरची चेकिंग हाय." लोक हसले. प्र. हसले नाहीत.
चालवताना हात एकदाही हलला नाही. अहमदपूरच्या पुढे उसाचा ट्रॅक्टर अंगावर आला, तेव्हाही नाही. मी उगाच...
लोह्याला गाडी थांबली. त्यांनी हात मांडीवर सैल सोडला. आणि तो सुरू झाला. अंगठा बोटावर घासत, कुणी सांगितल्यासारखा. काम नसलं की होतं, म्हणजे. मी पाहतेय हे त्यांनी आरशात पाहिलं. हात स्टेअरिंगवर नेला. गाडी बंद होती.

१६, शनि.
कॉलेज लवकर सुटलं. प्र. टीव्हीपुढे उभे. उजवा कोपर टॉवेलने बरगडीला बांधलेला. पडद्यावरचा हात जागच्या जागी.
"बघ. हालतोय का?"
नव्हता हलत.
टॉवेल सोडला. हात सरळ पुढे धरला. "सोमवारच्या सोमवारी, पंचवीसला, तपासणी हाय डेपोत. हात पुढं करा म्हणतोय डॉक्टर. मोज."
दहापर्यंत मोजलं. स्थिर. पुढे मी मोजलं नाही.
खूष होते. रोज दुपारी सराव करतात म्हणे. या माणसाची मला कधी भीती वाटली नव्हती.

२०, बुध.
नांदेडच्या मेंदूच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली. प्र. म्हणाले, "तपासणी होऊ दे आधी. मग तू म्हणशील तिथं येतो." जेवताना म्हणाले, "गाडी न्हाई तर मी कोण हाय, सांग बरं."

२३, शनि.
प्र.नी ड्यूटी मागून घेतली. गेले. डॉक्टरांची वेळ टळली.
संध्याकाळी मनूचा फोन. दाखवलं का? म्हटलं, सोमवारी डेपोत डॉक्टरच बघणार आहेत. खोटं नाही हे.
ते परत येईपर्यंत ओट्यापाशी उभी होते. भाकरी एकच झाली.

२५, सोम.
डेपो. व्हरांड्यातल्या बाकावर लिहिते आहे. "चल सोबत," म्हणाले, म्हणून आले. सकाळी दाढी करताना गुणगुणत होते.
आत सात ड्रायव्हर. दारातून दिसतं: डॉक्टर उभं करतात, हात पुढे करायला लावतात, सही करतात. मिनिटभराचं काम. बसवून कुणालाच पाहत नाहीत.
याच वहीचं पान फाडलं. एक ओळ लिहिली: यांना खुर्चीवर बसवा, हात मांडीवर सोडायला सांगा, आणि थांबा. खाली नाव नाही. घडी केली.
कुणी लिहिलं हे त्यांना कळेल. दुसऱ्या कुणाला माहीत आहे?
पाचवा नंबर. प्र. उठले. वळून माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, काळजी करू नको अशी.
शिपाई दार लावायला आला. "ताई, कागद आत द्यायचा हाय का?"
त्याने हात पुढे केला आहे.