'व्हर्डेल'मधले दोन ठोके

मंगळवार, ४ सप्टेंबर १९८४

दातांचा डॉक्टर घरी आला होता. माझ्या दातांसाठी नव्हे, दुर्दैवाने. नाव एल्डन प्रूइट, राहणार डेलावेअर, गोरा, मऊ, आणि इतका सभ्य की त्याला दुखवावंसं वाटतं. जुन्या तबकड्या गोळा करतो. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटायच्या आणि रविवारी आमची गाणी फडक्याने पुसत बसायचं. तबकडीला हात लावताना पांढरे हातमोजे घालतो. आम्ही गात होतो तेव्हा आम्हा काळ्या पोरांशी कोणा गोऱ्याने हातमोजे घालूनसुद्धा हात मिळवला नव्हता.

त्याला 'व्हर्डेल'चा सगळा इतिहास एका संचात काढायचाय. मूळ गाणं आणि पाठोपाठ त्याच्या सहा नकला. आवरणावरचा मजकूर मी लिहायचा. 'द किलडिअर्स' या आमच्या गाणाऱ्या चमूच्या पाच पोरांपैकी तिघं मातीत गेली. चौथा रॉस्को गेदर, मुख्य गाणारा — त्याला सहीपलीकडे लिहिता येत असावं, पण पुरावा नाही. पाचवा मी. सोळा वर्षं बाल्टिमोरच्या आमच्या साप्ताहिकात दर शनिवारी कुणाची ना कुणाची सालं काढतोय.

"मिस्टर पेटिफर्ड, तो विराम," प्रूइट म्हणाला आणि त्याने चक्क डोळे मिटले. "तो विराम कुठून आला, तेवढं लिहा."

लिहितो ना! एकोणतीस वर्षं तेवढ्यासाठीच थांबलोय.

बुधवार, ५ सप्टेंबर

आधी इथे लिहून बघतो.

व्हर्डेल नावाची मुलगी कधी नव्हतीच. ती लाँड्रीची पाटी होती. तिच्या मागच्या भिंतीतून गरम वाफ यायची, म्हणून थंडीत आम्ही तिथे कोपऱ्यावर उभे राहून गायचो. भिंतीचा आवाजही चांगला घुमायचा. पोरींनी विचारलं, व्हर्डेल कोण, की रॉस्को उसासा टाकायचा. पोरी विरघळायच्या. कपड्यांच्या वाफेवर इतकं प्रेम कुणी केलं नसेल.

पक्ष्याचं नाव घ्यायची तेव्हा टूम होती. चांगले पक्षी आधीच्या पोरांनी नेलेले. आमच्या वाट्याला किलडिअर, म्हणजे टिटवी आली.

आणि कोपऱ्याचा एक नियम होता. गाताना कुणाची ओळ पडली तर शेजारच्याने ती उचलायची. आणि उचलणाऱ्याने नंतर कुठे बोलायचं नाही. आईला नाही, पोरीला नाही, पाद्र्यालाही नाही. पडलेला पडला नाही, उचलणाऱ्याने उचललं नाही. गाणं तेवढं झालं.

जून पंचावन्न. जूकबॉक्सच्या दुकानाची माडी, एकच माईक, पाच घामेजलेली पोरं. (तबकडीवर गीतकार म्हणून दुकानदाराच्या बायकोचं नाव. बाई बहुधा बहिरी होती.) शेवटच्या कडव्याआधी रॉस्को वर चढायला गेला आणि आवाज फाटला. गप्प. दोन ठोके नुसता सन्नाटा. मग मी उचललं. शेवटची ती उंच चाळीस सेकंदं — जी ऐकून बायका अजून रुमाल काढतात — ती माझी आहेत. गाणं संपलं तसा मी जिना उतरून धावलो, पोलाद कारखान्यात तीनची पाळी होती. टेक एकच. दुसऱ्याची फीत परवडणार कुणाला?

आवाजावरून लोकांना कळलं नाही, कारण कळणारच नव्हतं. आमच्या चर्चमधल्या मिसेस क्रमेल बाईंनी आम्हा सगळ्यांना एकाच साच्यात ओतलं होतं. वरच्या पट्टीत गेलो की आम्ही पाचही जण मिसेस क्रमेल!

रॉस्को आजतागायत त्या विरामावर जगतोय. चमचमता कोट, डोक्यावर कुणाचे तरी केस. विराम आला की छातीवर हात ठेवतो, वर बघतो, जणू देव तारीख देणारे.

शनिवार, ८ सप्टेंबर

नकला एका बैठकीत ऐकल्या. वर दोन ॲस्पिरिन.

छप्पन साल: मूळ गाण्यानंतर वर्षाच्या आत ओहायोची चार गोरी पोरं, एकसारखे स्वेटर. विराम बरोब्बर दोन ठोक्यांचा, पोस्टात रांगेत उभं राहावं तसा. देशभर हीच वाजली. पुष्कळांना हीच मूळ वाटते.

एकसष्ट: ब्रॉन्क्समधली इटालियन पोरं. चांगलं गायलीत. लिहिताना हात जड होतो, पण चांगलं गायलीत.

पासष्ट: इंग्लंडहून आलेले केसाळ. विरामात एकजण किंचाळतो. त्याच्या पायावर काही पडलं असावं, अशी आशा आहे.

चौऱ्याहत्तर: चाळीस व्हायोलिनं आणि एक बाई. विरामात बाई रडते. व्हायोलिनं तिला सावरतात.

एकोणऐंशी: नाचायचं. ढोल थांबतच नाही, विराम नाहीच. निदान प्रामाणिक.

ब्याऐंशी: संडास साफ करायच्या द्रावाची जाहिरात. विरामात साखळी ओढल्याचा आवाज.

सहा पिढ्यांनी त्या दोन ठोक्यांची पूजा बांधली. संडासापर्यंत. आणि ते ठोके म्हणजे एका जाड्या पोराचा फाटलेला गळा आणि तो उचलायला मला लागलेला वेळ.

मंगळवार, ११ सप्टेंबर

प्रूइटचा फोन. दुकानदाराच्या मुलीच्या गॅरेजमध्ये त्या दिवसाचं मूळ रीळ सापडलंय. चिकटून गोळा झालंय, सोडवायला दीड-दोन महिने लागतील. तोवर मजकुरासाठी थांबू या का, असं विचारत होता. मी म्हटलं, डॉक्टर, मी तिथे होतो, रीळ माझ्या डोक्यात आहे, ते कधी चिकटलेलं नाही.

मजकूर पाठवला. तोच साप्ताहिकालाही दिला. मथळा: 'एकोणतीस वर्षं उसना गळा'.

सोमवार, १७ सप्टेंबर

छापण्याआधी रॉस्कोला सांगायला गेलो. सभ्यपणा म्हणून नाही, तोंड बघायला.

तो पायरीवर बसून तळलेले मासे खात होता, कागदातूनच. शाळेची बस चालवतो, सकाळ-दुपारच्या मधे मोकळा असतो. माझं सगळं ऐकून घेतलं. एक काटा काढला, कागदाच्या कडेला ठेवला.

"तुला तसंच आठवतंय?" म्हणाला.

मी म्हटलं, मला तसंच आठवतंय कारण तसंच झालं.

"मग लिही बाबा. मी काही बोलणार नाही. कोपऱ्याचा नियम आहे."

नियम! नियम उचलणाऱ्यासाठी होता, पडणाऱ्यासाठी नव्हे. पडणाऱ्याने गप्प राहण्यात कसला मोठेपणा? मासा पुढे केला माझ्या. मी घेतला नाही. वास मात्र चांगला होता.

शनिवार, २२ सप्टेंबर

आलं छापून. न्हाव्याकडे तिघंजण मोठ्याने वाचत होते. 'कुणाचे तरी केस' या वाक्याला न्हावी कात्री ठेवून हसला. सोळा वर्षांत इतकं चांगलं मी लिहिलं नव्हतं.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

रॉस्कोच्या बसमधली पोरं रोज 'व्हर्डेल' म्हणतात म्हणे. विराम आला की सगळी गप्प होतात, आणि मागून एकजण ओरडतो, "खऱ्या माणसाला बोलवा!" रॉस्को बस चालवत राहतो.

पोरं हुशार आहेत आमची.

रविवार, १४ ऑक्टोबर

बंबवाल्यांच्या फायर हॉलमध्ये दुपारची बुल-रोस्टची मेजवानी. भाजलेलं मांस, कालवं, पिंपभर बिअर, आणि दरवर्षीप्रमाणे चारच्या सुमाराला रॉस्को गेदर.

गाणं वर गेलं. विराम आला. या वेळी त्याने छातीवर हात नाही ठेवला. मंचावरून उतरला, टेबलांमधून सरळ माझ्यापर्यंत आला आणि माईक माझ्यापुढे धरला. तुच्छतेने नाही. त्या दिवशी पायरीवर मासा धरला होता तसा.

तीनशे माणसं बघतायत. माझ्या घशात त्या वेळी फक्त कालवं होती. ती उंची माझ्याकडून वीस वर्षांपूर्वीच गेली. म्हणून मी माईकमध्ये म्हणालो, "याने माझा गळा इतकी वर्षं वापरून झिजवलाय, आता तो परत घेऊन काय करू?"

हॉल कोसळला हसून. एक बाई टेबलावर थापा मारत होती. रॉस्कोही हसला, थोडा उशिरा. मग त्याने चमचमता कोट काढला, शिवणीवर शिवण जुळवून घडी घातली, रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि दाराबाहेर गेला.

मी अजून एक ताट घेतलं. भूक होती म्हणून नव्हे, लोक बघत होते म्हणून.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

पुढच्या वर्षीपासून रॉस्कोला बोलवायचं नाही असं हॉलच्या समितीने ठरवलं. ओहायोवाल्यांपैकी दोघं अजून जिवंत आहेत, त्यांना विचारणार आहेत!

रविवार, २८ ऑक्टोबर

चर्चच्या पायऱ्यांवर रॉस्कोची बहीण ओडेसाने गाठलं. केस कापायचं दुकान चालवते, तिची जीभ तिच्या कात्रीला धार लावून देते. आज धार लावली नव्हती, ते जास्त वाईट.

"लॉनी, तो आता आत उभा राहतो आणि तोंड उघडत नाही. भजनालासुद्धा. मी विचारलं, त्या पेपरात लिहिलंय ते खरं का रे? म्हणाला, कोपऱ्यावरचं कोपऱ्यावर राहू दे, ताई."

मी म्हटलं, म्हणजे खरं आहे.

तिने माझा टाय सरळ केला, लहान मुलाचा करावा तसा. "तुझं इतकं नाव झालंय, लॉनी. त्याच्याकडे ते एकच होतं."

घरी येऊन हे गाळावं का विचार केला. ठेवलं. इथे कोण वाचतंय?

मंगळवार, ६ नोव्हेंबर

निवडणूक. मतदान केलं. प्रूइटकडून आवरणाची छापील प्रत आली. जाड कागद, माझं नाव ठळक. तीन हजार छापून झाली.

सोमवार, १२ नोव्हेंबर

प्रूइटची कॅसेट आली. सोबत चिठ्ठी: रीळ सुटलं. त्यावर दोन टेक आहेत. तबकडी दुसऱ्यावरून निघाली. मिस्टर पेटिफर्ड, दुसऱ्यात तुमचा आवाज मला सापडत नाही, काय करू?

तीनदा ऐकली.

पहिल्या टेकमध्ये रॉस्को फाटतो आणि मी उचलतो. बेसूर. मिसेस क्रमेलनी कान धरला असता इतका बेसूर. माझी पावलं जिन्यावर, दाराचा धडाका. दुकानदार म्हणतो, हा वाया गेला, आता सलग गा, कुठे थांबू नका. मग अठरा वर्षांचा रॉस्को, माईकच्या अगदी जवळ:

"लॉनी पाळीला गेला. त्याची जागा भरायची नाही. दोन ठोके मोकळे सोडा, मग मी उचलतो. आणि त्याला कुणी सांगायचं नाही."