गोरक्ष पिंगळे यांच्या माघातल्या जन्माबाबत

प्रति,
मा. कार्मिक अधिकारी,
श्रीगंगा पंप कारखाना, नाशिक.

विषय : कै. गोरक्ष खंडेराव पिंगळे, फिटर, यांचे जन्मसाल दुरुस्त करून त्यांचा मृत्यू सेवेत असताना झाल्याचे धरण्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र क्र. का/४१८, दि. २२ डिसेंबर १९८६.

महोदय,

मी आपल्याच कार्यालयातला लिपिक असून हा अर्ज स्वतःविरुद्ध करीत आहे, हे आधीच सांगतो.

१९८५ साली कामगारांच्या जन्मतारखा संगणकावर चढवल्या. जुन्या माणसांच्या नोंदी जन्मपत्रिकेवरून, म्हणजे तिथी आणि शकात होत्या. त्यांची इंग्रजी तारीख काढणारा प्रोग्राम तपासण्याचे काम माझ्याकडे आले. जुनी पंचांगे घेऊन मी पाडव्यापासून दिवाळीपर्यंतचे दहा सण घालून पाहिले. दहाही बरोबर निघाले. महाशिवरात्र आणि होळी राहिली होती, पण जेवणाची सुट्टी झाली. ‘तपासले, बरोबर आहे’ असे लिहून मी सही ठोकली.

प्रोग्राम शकात सरसकट ७८ मिळवतो. जानेवारी लागल्यापासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. गोरक्षचा जन्म माघ, शके १८५०, म्हणजे १९२९ सालचा. यंत्राने १९२८ छापले आणि अठ्ठावन्न पुरी झाली म्हणून जानेवारी १९८६ अखेर त्याला घरी बसवले. नोव्हेंबरात छातीत कळ येऊन तो गेला. शके १८५० मध्ये अधिक मास आल्याने माघ फेब्रुवारीत सरकला होता, म्हणून खऱ्या सालाप्रमाणे त्याची नोकरी येत्या फेब्रुवारीपर्यंत होती. सेवेत असताना कामगार गेला तर घरातल्या एकाला कामावर घेतात, निवृत्ताच्या घरातल्याला नाही. त्याची बायको कुसाबाई आज दिंडोरीला द्राक्षबागेत रोजाने जाते.

आपण तिला कळवलेत, की कर्मचाऱ्याने सेवेत असताना स्वतः अर्ज करायला हवा होता, तसा दप्तरी नाही. शिवाय प्रोग्राम तपासलेला आहे. पुरावा म्हणून माझ्या सहीची नक्कल जोडलीत. तिला वाचता येत नाही, म्हणून ती ते पत्र माझ्याकडेच घेऊन आली. मी सगळे वाचून दाखवले, सही कुणाची तेवढे गाळले. “आप्पा, तुम्ही हायेत म्हणून बरं,” म्हणाली.

अर्ज दप्तरी नाही हे खरे. तो माझ्या खणात आहे. ६ जानेवारी १९८६ रोजी गोरक्षने तो आणून दिला. “आप्पा, धोंडाआक्का कार्तिकातली, शके १८४९. मंग आईनं तिच्या पाठीवर तिसऱ्याच महिन्यात मला काढलं का काय?” मी हसलो. यंत्र चुकत नसतं, म्हणालो. तो गेल्यावर बोटांवर महिने मोजले, तर तोच बरोबर निघाला. अर्ज खणात टाकला. भ्यालो, साहेब, दुसरे काय!

तरी तो अर्ज त्याच तारखेस पोहोचल्याचे धरून जन्मसाल १९२९ करावे व कुसाबाईला कामावर घ्यावे. माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी, मी खुलासा देणार नाही. कुसाबाईला सही कुणाची ते मी आज संध्याकाळी जाऊन सांगणार आहे.

आपला चुकलेला लिपिक,
कोंडाजी बहिरू पगारे
नाशिक, दि. ५ जानेवारी १९८७

सोबत :
१) गोरक्ष व धोंडाबाई यांच्या जन्मपत्रिकांच्या नकला
२) शके १८५० चे पंचांग
३) गोरक्ष पिंगळे यांचा अर्ज, त्यांच्या हातचा. आवक क्रमांक अजून पडायचा आहे.